बाकी किती उरली?

गणिताच्या चार क्रियांत वजाबाकीच्या वाट्याला कौतुक कधी आले नाही. बेरीज ही घरातली थोरली सून. तिच्या हातून घर भरते. गुणाकार हा भाग्यवंतांचा लाडका. व्याज, पीक आणि अफवा या तिन्ही गोष्टी त्याच्याच कृपेने वाढतात. भागाकाराला निदान न्यायबुद्धी आहे. वाटणीच्या वेळी सगळे त्यालाच बोलावतात. राहिली वजाबाकी. हिचे नाव निघाले की कोणाचे तरी काहीतरी कमी होणार हे ठरलेले. लहान मुलाला बेरीज जमली की त्याच्या हातावर लाडू ठेवतात, आणि वजाबाकी शिकवताना त्याच्याच ताटलीतले दोन लाडू काढून घेऊन 'आता किती राहिले रे?' असे विचारतात. त्या वयात मनात बसलेली अढी पुढे जन्मभर सुटत नाही यात नवल ते काय?

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त तिला व्यवकलित असे भारदस्त नाव आहे. आपण मात्र दफ्तरातल्या, हिशेबाच्या कागदांतल्या भाषेतून तिचे नाव उचलले. 'वजा' आणि 'बाकी' हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. फारसीच्या वाटेने ते आपल्याकडे आले आणि मराठीत एकमेकांना असे बिलगले की आता त्यांना वेगळे करणे कठीण. एकात गेलेले आहे, दुसऱ्यात राहिलेले. मला या जोडनावाचे फार अप्रूप वाटते. काय गेले एवढे सांगून थांबू नका, काय उरले ते सांगा, असा एक करडा कारकुनी आवाज त्यात ऐकू येतो. पण जे उरले ते किती खात्रीने उरले, हा त्यापुढचा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. तो माझ्या पुतणीने आणून माझ्यापुढे टाकला.

ती यंदा अकरावीला आहे, शास्त्र शाखेला. पदार्थविज्ञानाच्या चाचणीचा कागद घेऊन ती तणतणतच घरात शिरली.

"काका, हा निव्वळ अन्याय आहे. उत्तर बरोबर आणि गुण मात्र अर्धा!"

मी चष्मा शोधला. प्रश्न असा होता: दोन अंतरे दिलेली, एक ६.२५ गुणिले दहाचा चौथा घात इतके मीटर, दुसरे ६.१९ गुणिले दहाचा चौथा घात इतके मीटर. त्यांतला फरक काढा. तिने तो काढला होता आणि ऐटीत लिहिला होता: ६.०० गुणिले दहाचा दुसरा घात. मास्तरांनी त्या दोन शून्यांभोवती तांबड्या शाईने वर्तुळ काढून शेजारी लिहिले होते, 'ही कोठून आणली?'

"सहाशे म्हणजे सहाशेच ना? मग सहा पूर्णांक शून्य शून्य लिहिले काय आणि नुसते सहा लिहिले काय!"

व्यवहारात तिचे म्हणणे कोणीही मान्य करील. वाण्याने सहाशे रुपये मागितले तर त्यातली शून्ये खरी की खोटी असे आपण विचारीत नाही. पण मोजमापाच्या जगात शून्यालाही आपली कमाई दाखवावी लागते. ज्या अंकाच्या पाठीशी खरोखर मोजणी उभी आहे तो सार्थ अंक. ६.२५ मध्ये असे तीन अंक आहेत. त्यानंतर काय आहे? शून्य नाही. तेथे अंधार आहे. मोजणाऱ्याची पट्टी तेथपर्यंत पोचलीच नाही. दहाच्या घाताने संख्या लिहिण्याची शास्त्रज्ञांची पद्धत मला एरवी फार रुक्ष वाटते, पण तिचा एक मोठा गुण आहे: तीत लबाडी करता येत नाही. '६००' असे लिहिले तर त्यातली शून्ये मोजून आलेली की जागा भरायला बसवलेली, हे कळायला मार्ग नाही. '६ गुणिले दहाचा दुसरा घात' असे लिहिले की लिहिणारा कबूल करतो, मला एकच अंक ठाऊक आहे, पुढचे विचारू नका.

मी तिला एक पेन्सिल दिली आणि म्हटले, दोन्ही संख्यांच्या शेवटी, जेथे अंधार सुरू होतो तेथे, एकेक प्रश्नचिन्ह काढ. तिने काढले. ६.२५? मधून ६.१९? वजा. प्रश्नचिन्हातून प्रश्नचिन्ह गेले तर काय उरते? पुन्हा प्रश्नचिन्हच! शून्य नव्हे. बाकी आली ०.०६? एवढी. दोन्हीकडचे सहा समोरासमोर येऊन एकमेकांना खाऊन गेले, आणि ज्या टोकाला शंका होती ते टोक तेवढे शिल्लक राहिले. तीन-तीन खात्रीचे अंक घेऊन निघालेल्या दोन संख्यांच्या भेटीतून एकच खात्रीचा अंक हाती आला.

म्हणूनच शाळेत दोन निरनिराळे नियम शिकवतात आणि मुले त्यांची हटकून गल्लत करतात. गुणाकार-भागाकारात सार्थ अंक मोजायचे. बेरीज-वजाबाकीत ते मोजायचे नाहीत. शेवटचा विश्वासाचा अंक कोणत्या घरात बसला आहे, शतकाच्या, दशकाच्या की दशांशाच्या, ते पाहायचे, आणि ज्या संख्येचा अंधार आधी सुरू होतो तिच्यापाशी थांबायचे. त्यासाठी आधी दोघांचे घात सारखे करून घ्यावे लागतात. त्यात शास्त्रीय असे काही नाही. १९५७ साली दशमान नाणी आली, त्याआधीच्या हिशेबाच्या वह्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना रुपये, आणे, पै असे तीन रकाने आठवतील. रुपयाखाली रुपया आणि आण्याखाली आणा आल्याशिवाय कोणी वजाबाकीला हात घालीत नसे. तसेच हे. ४.५२ गुणिले दहाचा सहावा घात यातून ३.१ गुणिले दहाचा चौथा घात वजा करायचा, तर दुसऱ्या संख्येला पहिलीच्या रकान्यात आणून ०.०३१ म्हणायचे. मग दिसते की तिचा शेवटचा १ पहिलीच्या प्रश्नचिन्हाखाली बसला आहे; त्याला तेथे कोणी विचारीत नाही. ४.४८९ असे उत्तर कागदावर येते खरे, पण लिहायचे ४.४९.

तिच्या पुस्तकातले पुढचे उदाहरण मला जास्त आवडले. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या वस्तुमानांतला फरक काढा. दोन्ही १.६७ गुणिले दहाचा उणे सत्ताविसावा घात इतके किलोग्रॅम. तीन अंकांत लिहिले तर वजाबाकी शून्य! चार अंक घेतले तर १.६७५ आणि १.६७३; फरकाचा एक अंक हाती लागतो. सात अंक घेतले, १.६७४९२७ आणि १.६७२६२२, तर ०.००२३०५ असा चार अंकी फरक मिळतो. जो मनुष्य तीन अंकांवर समाधान मानील तो शपथेवर सांगेल की दोघे सारख्याच वजनाचे. आणि सारे काही तर त्या फरकातच आहे. न्यूट्रॉन किंचित जड म्हणून तो मोकळा सुटला की सरासरी पंधरा मिनिटांच्या आत मोडून जातो, आणि प्रोटॉन टिकतो. प्रोटॉन टिकतो म्हणून हायड्रोजन आहे, हायड्रोजन आहे म्हणून पाणी आहे. पलीकडचे पारडे तेवढेच जड असते तर ही दिवाळी साजरी करायला कोणी नसते.

एवढ्यावर पुतणीचे समाधान झाले की नाही कोण जाणे. अर्धा गुण काही परत मिळाला नाही.

मला मात्र त्या दिवशी गेल्या वर्षीची एक हकीकत उलगडली. माझी भाची पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, म्हणजे माझ्या बहिणीकडे, आली होती. मुलगा झाला. घरी आल्यावर ताईच्या मनाने घेतले की बाळाचे वजन आठवड्याच्या आठवड्याला पाहायचे. घरात उभे राहून वजन करायचा एक काटा होता. त्यावर अर्ध्या-अर्ध्या किलोच्या रेघा. ताई बाळाला घेऊन काट्यावर उभी राही, मग बाळाला जावयाच्या हाती देऊन एकटी उभी राही, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर वजाबाकी मांडी. पहिल्या आठवड्यात ६१.५ मधून ५८ गेले, साडेतीन किलो. दुसऱ्या आठवड्यात ६१ मधून ५८ गेले, तीन किलो.

बाळ अर्ध्या किलोने उतरले! त्या संध्याकाळी त्या घरात जे वातावरण होते ते आठवले की अजून अंगावर काटा येतो. दूध पुरत नाही, हा निष्कर्ष सर्वांनी न बोलता काढला. कोणी शतावरी सुचवली, कोणी हळिवाचे लाडू वाढवले, एका शेजारणीने 'आमच्या वेळी असे नव्हते' ही ठेवणीतली पुडी सोडली. पावडरच्या डब्याची चौकशी झाली. भाची कोणाला काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून ती निजून राहिली, आणि बाळाला पाजताना तिचे डोळे वाहत होते. चूक तिच्या अंगात आहे असे कोणी म्हटले नव्हते. पण कॅलेंडरवर ते आकड्यांनी लिहिले होते, आणि आकड्यांशी भांडायचे कसे?

सकाळी सगळे दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी बाळाला उघडे करून तान्ह्या मुलांच्या पसरट पारड्यात ठेवले. ३.४२ किलो. आठ दिवसांपूर्वी त्याच पारड्यात ते ३.२९ भरले होते. बाळ एकशे तीस ग्रॅमने वाढले होते! डॉक्टरीणबाईंनी कॅलेंडरची हकीकत ऐकून घेतली आणि हसून म्हणाल्या, "आजी, तुम्ही बाळाचं वजन केलंच नाहीत. दोन्ही वेळा तुमचंच केलंत."

याहून नेमके वाक्य मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेले नाही. काट्याची रेघ अर्ध्या किलोची. प्रत्येक वेळी पाव किलो इकडे की तिकडे हे त्याला ठाऊक नव्हते. अठ्ठावन्न किलोच्या बाईच्या दृष्टीने पाव किलो म्हणजे काहीच नाही. सकाळी घेतलेला चहा आणि अंगावरची शाल मिळून तेवढे होते. पण वजाबाकीत ताईचे अठ्ठावन्न किलो पुसले गेले आणि तिच्या वाट्याची पाव-पाव किलोची शंका मात्र जशीच्या तशी बाळाच्या अंगावर पडली. मोठ्यांच्या हिशेबातली ढिलाई लहानांना भोवते ती अशी.

डॉक्टरीणबाईंनी जे केले तेच शहाणे शास्त्रज्ञ करतात. हवी ती गोष्ट वजाबाकीने काढायची नाही. शक्य असेल तर तीच उचलून पारड्यात घालायची. बीजगणितातही ही युक्ती आहे. दहा हजार एकच्या वर्गमुळातून दहा हजारचे वर्गमूळ वजा करा. सहा अंकांपर्यंत काढले तर १००.००५ वजा १००.०००, म्हणजे ०.००५, एकच अंक. पण दोन मुळांचा फरक म्हणजे त्यांच्या बेरजेने एकाला भागणे, हे शाळेत करणीच्या धड्यात आपण सगळे घोकलेले असतो. बेरीज २००.००५, तिने एकाला भागा, ०.००४९९९८८, सहाच्या सहा अंक शाबूत. वजाबाकी गायब, शंकाही गायब. करणीची ती गणिते कशासाठी करायची, असे विचारून मी लहानपणी घरच्यांना भंडावले होते. आज संगणक चालवणारी माणसे हीच युक्ती रोज वापरतात, कारण यंत्राजवळही अंकांचा साठा मोजकाच असतो आणि वजाबाकी तो एका घासात संपवते.

पण काही गोष्टी उचलून पारड्यात घालता येत नाहीत. उदाहरणार्थ, हिमालय.

विल्यम लॅम्बटन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर एक रेघ मोजली आणि तिच्या आधाराने त्रिकोणांमागून त्रिकोण रचीत तो उत्तरेकडे निघाला. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट बरोबर. वीस वर्षे चालून तो आपल्या हिंगणघाटपर्यंत पोचला आणि १८२३ च्या जानेवारीत तेथेच वारला. त्याची कबर अजून तेथे आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्ट याने नेले. माळव्यातले सिरोंजजवळचे कल्याणपूर आणि मुजफ्फरनगरकडचे कलियाना या दोन ठाण्यांमधले अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. त्यांच्या अक्षांशांतला फरक त्याने दोन वाटांनी काढला. त्रिकोणांच्या साखळीवरून तो आला ५ अंश २३ कला ४२.२९४ विकला. ताऱ्यांचे वेध घेऊन आला ५ अंश २३ कला ३७.०५८ विकला.

सगळ्याच्या विकला करून पाहा: १९,४२२.२९४ आणि १९,४१७.०५८. आठ-आठ अंकांच्या संख्या. चार अंकांत लिहिल्या तर दोन्ही १.९४२ गुणिले दहाचा चौथा घात. वजाबाकी शून्य, प्रश्नच मिटला. पाच अंकांत लिहिल्या तर फरक पाच विकला. पूर्ण लिहिल्या तर ५.२३६. जमिनीवर एक विकला म्हणजे जवळजवळ एकतीस मीटर, तेव्हा सहाशे किलोमीटरांत तूट कितीची, तर सुमारे एकशे साठ मीटरांची. कोणीही म्हणाले असते, चालायचेच. एव्हरेस्टनेही तो फरक मोजणीत साचत गेलेल्या चुकांच्या खाती टाकला. पण ज्या माणसाने लोखंडी आणि पितळी दांड्या जोडून, ऊन-सावलीने त्यांची लांबी बदलणार नाही अशी तजवीज करून पायारेषा मोजल्या होत्या, मैदानात दिसत नाही म्हणून मनोरे बांधले होते, त्याच्या वहीत पाच विकला चुकीच्या म्हणून बसणे अवघड होते. शेवटच्या तीन दशांश अंकांविषयी मी पैज लावणार नाही. एक सहस्रांश विकला म्हणजे तीन सेंटिमीटर. पण ते पाच खरे होते.

कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी ही बाकी उचलली. त्यांचे म्हणणे असे: ताऱ्यांचे वेध घेताना उभी दिशा ठरवायची ती ओळंब्याने. गवंड्याच्या ओळंब्यावर आपला केवढा विश्वास! पण कलियाना हिमालयाच्या जवळ. तेथे पर्वत ओळंब्याला आपल्याकडे ओढतो, कल्याणपुरात तेवढे ओढत नाही. म्हणजे तूट मोजणीत नाही, डोंगरात आहे. मग त्यांनी डोंगरांची सरासरी उंची आणि खडकाची घनता धरून ही ओढ किती असावी ते मांडले. उत्तर आले १५.८८५ विकला. (अंदाजाने धरलेल्या पर्वताच्या पोटातून तीन दशांश स्थळे! माझ्या पुतणीच्या मास्तरांची तांबडी शाई येथे कामी आली असती.) पंधरा हवे आणि दिसतात पाच. पुन्हा वजाबाकी, पुन्हा बाकी, आणि या वेळी दहा विकलांची. हिमालय जेवढा दिसतो तेवढे ओढत नव्हता.

त्याच १८५५ साली राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी याचा उलगडा सुचवला. पाण्यावर लाकडाचे ओंडके तरंगतात. जो जास्त वर दिसतो तो खालीही जास्त बुडालेला असतो. तसे उंच डोंगरांचे हलके खडक खाली खोलवर रुतलेले असले पाहिजेत, आणि तेथल्या जड द्रव्याची जागा त्यांनी घेतल्यामुळे एकंदर ओढ कमी भरते. प्रॅट यांनी पुढे थोडी निराळी उपपत्ती मांडली, पण पर्वत जमिनीवर नुसते ठेवलेले नसून तोलले गेले आहेत ही कल्पना त्या पाच विकलांतून निघाली. वहीत ती चुकीच्या रकान्यात लिहिलेली होती.

त्याच खात्याने १८५६ साली पंधराव्या शिखराची उंची जाहीर केली: २९,००२ फूट. या आकड्याची एक गोष्ट सांगतात. म्हणे हिशेब नेमका २९,००० आला होता, पण तो सोयीसाठी गोल केला असे लोक म्हणतील म्हणून दोन फूट वरून घातले! गोष्ट गमतीची आहे, पण सहा ठाण्यांवरून निघालेल्या उंचींची सरासरीच २९,००२ येते. त्यांत सर्वांत कमी २८,९९० च्या जवळ आणि सर्वांत जास्त २९,०२६. शंभर मैलांहून दूरच्या ठाण्यांवरून केलेले हे काम थोरच म्हटले पाहिजे, तरी छत्तीस फुटांच्या या पसाऱ्यात शेवटच्या दोनाला बसायला जागा कोठे आहे ते ज्याने त्याने पाहावे. शिखराला पुढे एव्हरेस्टचे नाव मिळाले.

२०१९ च्या मे महिन्यात नेपाळचे मोजणीदार रात्रीच्या अंधारात त्या शिखरावर चढले आणि उपग्रहांचे संकेत टिपणारे यंत्र त्यांनी बर्फावर ठेवले. पुढच्या वर्षी चीनचे मोजणीदार चढले. पण उपग्रह जी उंची सांगतो ती समुद्रापासूनची नसते. पृथ्वीचा जो गुळगुळीत लंबगोल गणितात कल्पिलेला आहे त्याच्यापासूनची असते. खरा समुद्र डोंगराखालून वाहत असता तर डोंगराच्या ओढीने कोठे किती चढला-उतरला असता ते आधी काढावे लागते आणि उपग्रहाच्या उंचीतून ते वजा करावे लागते. त्यासाठी गुरुत्वाकर्षण मोजण्याची उपकरणे घेऊन माणसे त्या पहाडांत ठिकठिकाणी हिंडली. ८,८४८.८६ मीटर हा आकडा दोन्ही देशांनी २०२० च्या डिसेंबरात मिळून जाहीर केला तो ही वजाबाकी पार पडल्यावर.